वाचकांचे प्रश्न : थंडीचा कोट आणि खिशातले पिस्तूल

प्रश्न : मी मध्य न्यू जर्सीत पेट्रोल पंप आणि त्याला जोडून एक लहान दुकान चालवतो. मी अमेरिकेचा नागरिक आहे आणि हँडगन सोबत बाळगण्याचा राज्याचा परवाना मला याच वर्षी मिळाला. रात्री दुकान बंद करून रोकड बँकेत भरायला जाताना पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर जवळ ठेवावे, असा विचार आहे. कमरेला होल्स्टर, म्हणजे शस्त्राचे म्यान, लावला की गाडीत बसता-उठता पाठीला त्रास होतो. थंडीत लांब लोकरी ओव्हरकोट अंगात असतोच. त्याच्या उजव्या खिशात ते सहज मावते आणि कोणाला दिसतही नाही. पत्नीला मात्र हे अजिबात पसंत नाही. कोटाच्या खिशात शस्त्र ठेवणे कितपत सुरक्षित आहे? ठेवायचेच झाले तर काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या पत्नीची शंका रास्त आहे. खिशात रिव्हॉल्व्हर सहज मावते असे आपण लिहिले आहे. पण ते होल्स्टरसह मावते की नुसतेच, याचा पत्रात उल्लेख नाही, आणि सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण देताना कोटाचा खिसा ही जागा मी कोणालाही पहिली म्हणून सुचवत नाही, कारण कोट दिवसातून अनेकदा अंगावरून उतरतो आणि त्याच्याबरोबर शस्त्रही आपल्या ताब्यातून जाते. तरीही पाठीच्या दुखण्यामुळे किंवा तासन्‌तास गाडी चालवावी लागत असल्यामुळे ज्यांना कमरेचा होल्स्टर जमत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग पूर्णपणे बंद आहे असेही नाही. मात्र त्याच्या अटी पाळायच्या तर सगळ्याच पाळाव्या लागतात.

न्यू जर्सीत होल्स्टर वापरायचा की नाही, हे आपल्या मर्जीवर सोडलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्याचा निकाल दिला. त्याने परवान्यासाठी खास कारण सिद्ध करण्याची न्यूयॉर्कची अट रद्द झाली, आणि न्यू जर्सीलाही आपली तशीच अट सोडावी लागली. त्यानंतर २२ डिसेंबर २०२२ रोजी गव्हर्नर फिल मर्फी यांनी ज्या नव्या कायद्यावर सही केली, त्याने परवान्याचे शुल्क आणि शस्त्र बाळगण्याचे नियम दोन्ही वाढवले. शस्त्र होल्स्टरमध्येच असावे आणि तो होल्स्टर शस्त्राला पक्के धरून ठेवणारा, त्याची जागा हलू न देणारा व ट्रिगर पूर्ण झाकणारा असावा, ही अट त्याच कायद्यात आहे. तेव्हा नुसते रिव्हॉल्व्हर खिशात टाकून बाहेर पडणे धोक्याचे तर आहेच, शिवाय परवाना हाती असूनही कायदा मोडणारे आहे.

या अटीमागचे कारण समजून घेण्यासाठी थंडीतल्या कोणत्याही कोटाचा खिसा पलंगावर उलटा करून पाहावा. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, चुरगळलेली पावती, कागदी रुमाल, खोकल्याच्या गोळ्यांची पन्नी, एखादे पेन आणि तळाशी साचलेला लोकरीचा भुगा, असा ऐवज त्यातून निघतो. किल्लीचे टोक ट्रिगरभोवतीच्या कड्यात सहज शिरते. मग गाडीत बसताना सीट बेल्टचा दाब पडला किंवा गडबडीत किल्ल्या ओढल्या, तर ट्रिगरवर नेमके बोटाने येते तसेच वजन येते. छोट्या डबल अ‍ॅक्शन (ट्रिगरच्या एकाच ओढीत शस्त्र सज्ज होऊन गोळीही सुटते अशा) रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर साधारण दहा-बारा पौंडांचा, म्हणजे पिस्तुलांच्या मानाने बराच जड असतो, हे खरे. पण जड ट्रिगर म्हणजे बंद ट्रिगर नव्हे. जॅकेटच्या दोरीला लावलेला प्लास्टिकचा गोंडा ट्रिगरच्या कड्यात अडकून गोळी सुटल्याचे अपघातही घडलेले आहेत.

होल्स्टर नसला की काय होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आपल्या शेजारच्याच शहरातले आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, निर्णायक टचडाउन झेलणारे न्यूयॉर्क जायंट्सचे खेळाडू प्लॅक्सिको बरेस त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मॅनहॅटनच्या एका नाइट क्लबमध्ये गेले, तेव्हा भरलेले ग्लॉक पिस्तूल त्यांनी होल्स्टरशिवाय पँटच्या कमरेला खोचले होते. ते घसरले, गोळी सुटली आणि त्यांच्याच मांडीत शिरली. त्यांच्याकडचा फ्लोरिडाचा परवाना संपलेला होता, न्यूयॉर्कचा तर नव्हताच. त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी कोणावरही शस्त्र उगारलेले नव्हते.

आता होल्स्टरविषयी. कमरेचा होल्स्टर खिशात कोंबून चालत नाही. खिशासाठी वेगळा होल्स्टर मिळतो. तो चामड्याचा किंवा कायडेक्स या कडक प्लास्टिकचा असावा, ट्रिगरचा भाग दोन्ही बाजूंनी झाकणारा असावा, आणि शस्त्र बाहेर काढताना स्वतः खिशातच राहणारा असावा. मऊ, लोळागोळा होणारे कापडी होल्स्टर स्वस्त पडतात, परंतु ते घेऊ नयेत. वापरण्यापूर्वी एक परीक्षा करावी. सर्व गोळ्या काढून दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात, सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) उघडून रिकामे असल्याचे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, शस्त्र होल्स्टरमध्ये घालावे आणि बाहेरून अंगठ्याने ट्रिगरच्या जागी दाबावे. आत ट्रिगर हलल्याचे जाणवले, तर तो होल्स्टर परत करावा. नंतर होल्स्टरसह शस्त्र कोटाच्या खिशात ठेवून कोट गादीवर उलटा धरावा आणि हलवावा. ते बाहेर पडले तर दोष होल्स्टरचा असो की खिशाचा, ती जोडी निरुपयोगी आहे. आपल्या रिव्हॉल्व्हरचा मागचा घोडा (ट्रिगर नव्हे, हॅमर) उघडा असेल, तर शस्त्र काढताना तो खिशाच्या शिवणीत अडकतो. म्हणूनच खिशात बाळगण्यासाठी स्मिथ अँड वेसनच्या ६४२ सारखी, घोडा आतून झाकलेली रिव्हॉल्व्हरे लोक पसंत करतात.

शस्त्र खिशातल्या होल्स्टरमध्ये कधीही आंधळेपणाने सरकवू नये. होल्स्टर आधी खिशातून बाहेर काढावा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून आणि बोट ट्रिगरपासून दूर ठेवून शस्त्र डोळ्यांसमोर त्यात बसवावे, आणि मग ती जोडी एकत्र खिशात ठेवावी. एकदा ठेवले की घरी येईपर्यंत त्याला हात लावू नये. थंडीत खिशात हात घालून चालण्याची सवय सगळ्यांनाच असते, म्हणून शस्त्राचा खिसा हातासाठी बाद झाला असे ठरवून टाकावे. दुसरा हात दुसऱ्या खिशात खुशाल असू द्यावा. त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू ठेवू नये, साधा रुमालसुद्धा नाही. जाड हातमोजा घालून शस्त्र हाताळणे मी निषिद्ध मानतो, कारण हातमोज्यातल्या बोटाला ट्रिगर कुठे सुरू होतो हे कळतच नाही.

खिसा कोणता, यालाही महत्त्व आहे. कोटाच्या छातीच्या आतल्या खिशात शस्त्र आडवे राहते आणि त्याची नळी आपल्या काखेकडे किंवा रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाकडे रोखलेली असते. अमेरिकेतले शस्त्र-प्रशिक्षक जेफ कूपर यांनी घालून दिलेल्या चार नियमांतला दुसरा नियम असा आहे, की जे नष्ट करण्याची आपली तयारी नाही त्याच्यावरून नळी कधीही फिरू देऊ नये. आतला खिसा हा नियम दिवसभर मोडत राहतो. बाहेरचा तिरका खिसा उथळ असेल तर गाडीत बसताच शस्त्र सीटवर घरंगळते. फुगीर नायलॉनचे जॅकेट एका बाजूला लोंबते आणि वाऱ्यावर आपटते. त्यापेक्षा आपला लोकरी ओव्हरकोट बरा, पण त्याचाही खिसा खोल, सरळ आणि दुहेरी अस्तराचा हवा. शिंप्याकडून तो मजबूत करून घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही. गाडीत बसल्यावर कोटाचे टोक मांडीवर किंवा बाजूच्या सीटवर पसरते, तेव्हा नळी कोणत्या दिशेला गेली हे प्रत्येक वेळी पाहावे. शेजारी किंवा मागे मूल बसलेले असेल, तर शस्त्र कोटात ठेवून गाडी चालवूच नये.

माझी खरी काळजी मात्र कोट उतरवण्याच्या क्षणाची आहे. आपल्याकडच्या थंडीतल्या कार्यक्रमांची रीत आपण जाणताच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा कोणाच्या घरच्या सत्यनारायणाला गेले की दारातच बूट निघतात, यजमान आग्रहाने कोट काढून घेतात आणि ते सगळे कोट वरच्या बेडरूममधल्या पलंगावर रचले जातात. तासाभरात त्याच खोलीत मुलांचा धुडगूस सुरू होतो आणि कोटांचा तो ढीग मुलांच्या लपाछपीचा भाग होतो. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन या गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल काढले आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने आई जागीच गेली. ती परवानाधारक होती, आणि पर्समध्ये शस्त्रासाठी स्वतंत्र चेनचा कप्पा होता. पर्स खांद्यावरून खाली ठेवलेली होती, एवढेच. अंगावरून उतरवलेल्या कोटाची आणि त्या पर्सची स्थिती सारखीच असते. म्हणून जिथे कोट काढावा लागण्याची शक्यता आहे, तिथे जाताना शस्त्र घरच्या तिजोरीतच ठेवावे. दुसऱ्याच्या घरी त्याला न सांगता भरलेले शस्त्र नेणे मला तसेही गैर वाटते. आणि शस्त्र जवळ असताना मद्य घेणे या राज्यात गुन्हा आहे.

महाराष्ट्र मंडळाचे दिवाळीचे कार्यक्रम किंवा रविवारची मराठी शाळा बहुधा एखाद्या हायस्कूलच्या इमारतीत भरते. शाळेच्या आवारात आपला परवाना उपयोगी पडत नाही. अशी इतरही अनेक ठिकाणे कायद्याने वगळली आहेत आणि त्या यादीतल्या काही कलमांवर न्यायालयांत वाद चालू आहेत, म्हणून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल कार्यालयाची ताजी सूचना पाहिल्याशिवाय कोणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये. वाटेत अशा ठिकाणी थांबावे लागलेच, तर शस्त्र कोटासह मागच्या सीटवर टाकून जाऊ नये. गोळ्या काढून, कुलपाच्या पेटीत, बाहेरून दिसणार नाही असे ठेवावे. पण पार्किंगमध्ये अंधारात, गार पडलेल्या बोटांनी शस्त्र रिकामे करणे आणि पुन्हा भरणे, हीच अपघाताची मोठी वेळ असते. जितक्या कमी वेळा ते हातात घ्यावे लागेल तितके चांगले.

नदीपलीकडे, शेजारच्या राज्यात जाताना दुप्पट सावध राहावे. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही, आणि आपला परवाना न्यूयॉर्कमध्ये चालत नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक महिला पेनसिल्व्हेनियाच्या वैध परवान्यासह न्यू जर्सीत आली, वाहतूक पोलिसाला तिने स्वतःहून पिस्तुलाची कल्पना दिली आणि तिथेच तिला अटक झाली. गव्हर्नरांनी २०१५ मध्ये माफी दिली, तेव्हा कुठे ती त्यातून मोकळी झाली. कोटाच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण कमरेचे शस्त्र सतत टोचून आपली आठवण देत असते, कोटातले मात्र विसरले जाते.

पोलिसांनी थांबवल्यास शस्त्र जवळ असल्याचे लगेच सांगणे आणि परवाना दाखवणे न्यू जर्सीत बंधनकारक आहे. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आधी तोंडाने सांगावे, आणि अधिकारी म्हणेल तसेच करावे. परवाना, लायसन्स किंवा मोबाईल शस्त्राच्या खिशात किंवा त्या बाजूला ठेवूच नये. अधिकाऱ्यासमोर कोटाच्या त्याच खिशाकडे हात नेण्याची वेळ आपल्यावर येता कामा नये.

आठवड्यातून एकदा शस्त्र रिकामे करून पुसावे. बाहेरच्या गारठ्यातून उबदार दुकानात आले की धातूवर दव धरते आणि गंज चढतो. नळीत आणि होल्स्टरच्या तळाशी लोकरीचे तंतूही साचतात.

शेवटी रोकडीविषयी, न विचारता लिहितो आहे. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार घराबाहेर असताना पूर्ण सुरक्षितपणे मागे हटणे शक्य असेल, तर प्राणघातक बळाचा वापर समर्थनीय ठरत नाही. पिशवी वाचवण्यासाठी गोळी झाडण्याची मुभा आपल्याला मिळालेली नाही. रोज त्याच वेळी त्याच वाटेने जाणे टाळावे, सोबत कोणालातरी घ्यावे, रक्कम मोठी असेल तर रोकड नेणाऱ्या कंपनीचा खर्च सोसावा, आणि कोणी पिशवी मागितलीच तर ती देऊन टाकावी. आपल्या पत्नीलाही सुरक्षेच्या वर्गाला सोबत न्यावे; घरात शस्त्र आहे म्हटल्यावर ते रिकामे आहे की भरलेले हे तिला ओळखता आलेच पाहिजे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. माझ्या एका मित्राकडे परवान्याचे पिस्तूल आहे आणि तो ते जॅकेटच्या खिशात ठेवतो. मागे एकदा त्याने 'जरा धर' म्हणून जॅकेट माझ्या हातात दिले. यात मला काही धोका आहे का?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : होय, आणि तो गंभीर आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर एच-१बीसारख्या स्थलांतरितेतर, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्यासाठी १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. टेक्सासचे स्वतःचे नियम कितीही सैल असले, तरी त्याने यात फरक पडत नाही. आत काय आहे हे ठाऊक असताना जॅकेट हातात घेणे म्हणजे ताबा, असा आरोप होऊ शकतो, आणि शस्त्रासंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढले जाण्याचा प्रश्न उभा राहतो. मित्राला स्पष्ट शब्दांत सांगावे. तो मित्रही चुकतोच आहे. आपले भरलेले शस्त्र जो दुसऱ्याच्या हातात 'जरा धर' म्हणून देतो, त्याने ते बाळगू नये असे माझे मत आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही व्हिसाची बंदी लागू नाही.

प्रश्न : माझे यजमान ओहायोत शूटिंग रेंजला नियमित जातात. पुढच्या महिन्यात आम्ही मुंबईला चाललो आहोत. रेंजला घालतात तोच कोट ते प्रवासात घालणार आहेत. काही तपासणी करावी का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : अवश्य करावी, आणि शक्य असेल तर कोटच बदलावा. अमेरिकेच्या विमानतळांवर २०२३ साली सुरक्षा तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांपैकी सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेक जण 'सोबत आहे हे विसरलो' असेच सांगतात. कोट काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे खिशातले शस्त्र तिथे हमखास सापडते. दंड हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि स्थानिक गुन्हा वेगळा.

भारतात तर एकच जिवंत काडतूस पुरते. अस्तराला भोक पडून कोटाच्या खालच्या शिवणीत उतरलेले किंवा बॅगेच्या चेनच्या कप्प्यात राहून गेलेले काडतूस मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर क्ष-किरण यंत्रात दिसते, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सांगितले आहे. चुकून राहिलेल्या एखाद-दुसऱ्या काडतुसाची प्रकरणे त्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेकदा रद्दही केली आहेत. परंतु तिथपर्यंत पोहोचेतो विमान सुटते, सुट्टी संपते आणि वकिलाच्या खेपा सुरू होतात. म्हणून प्रत्येक खिसा बाहेर उलटून काढावा, अस्तराची किनार बोटांनी चाचपत पूर्ण फिरावी, आणि जी बॅग एकदाही रेंजवर गेली असेल ती प्रवासाला नेऊ नये. वापरलेली रिकामी पुंगळीही काढून टाकावी.

प्रश्न : वडील कोल्हापूरला असतात. त्यांच्याकडे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे. लग्नसमारंभाला जाताना ते जोधपुरी कोटाच्या खिशात घेऊन जातात. 'परवाना आहे, मग काय हरकत?' असे ते म्हणतात. त्यांना कसे समजवावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वडिलांना शस्त्र नियम, २०१६ मधला ३२ वा नियम दाखवावा. सार्वजनिक ठिकाणी हँडगन नेताना ती अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा साधनात, पूर्ण झाकलेली आणि धारकाच्या प्रभावी नियंत्रणात असली पाहिजे, असे तो सांगतो. लग्नात किंवा गर्दीत शस्त्र मिरवण्यास आणि उडवण्यास तो मनाई करतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नातल्या किंवा समारंभातल्या बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मांडवात गर्दीची रेटारेटी असते, आहेर स्वीकारताना वाकावे लागते, पंगतीत बसताना कोटाची बटणे सोडली जातात, आणि उकाडा असह्य झाला की कोट खुर्चीच्या पाठीवर जातो. त्या वेळी शस्त्रावर नियंत्रण कोणाचे, हे त्यांनाच विचारावे.

नियमाने पटले नाही, तर अभिनेते गोविंदा यांची घटना सांगावी. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असताना, त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर मुंबईच्या राहत्या घरी हातातून निसटले आणि गोळी त्यांच्या पायात लागली. तिथे गर्दी नव्हती, भांडण नव्हते, ढोल-ताशे नव्हते.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात, हे वडिलांना ठाऊक असेलच. लग्नाच्या दिवशी तसेच ते घरच्या कुलूपबंद कपाटात ठेवावे, गोळ्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि किल्ली वडिलांनी स्वतःजवळ, जोधपुरीच्या त्याच खिशात ठेवावी.